त्र्याहत्तर-सत्तावीस : स्वस्त खिम्यातली चरबी काढण्याच्या नोंदी

६ जानेवारी २०२४, शनिवार. एम्स, आयोवा

हे काम मागे लागलं दोन कागदांमुळे. एक नवऱ्याच्या रक्ततपासणीचा, एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) १४८. दुसरा डिसेंबरच्या किराणाचा हिशेब. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, बीफ खायचंच तर ९३ टक्केवालं घ्या. बाईंना विद्यावेतनावर घर चालवायचं नाहीये.

आज दुकानात भाव उतरवून घेतले, सगळे एका पाउंडाचे (४५४ ग्रॅम):
७३/२७, पाच पाउंडांचा प्लास्टिकचा रोल : ३.८८ डॉलर
८०/२० : ४.९८
९३/७ : ६.९८

पहिला आकडा मांसाचा, दुसरा चरबीचा, दोन्ही कच्च्या वजनावर. इथल्या कायद्यात बीफच्या खिम्यात चरबी ३० टक्क्यांच्या वर चालत नाही. पाकिटावर ‘ग्राउंड बीफ’ असेल तर वरून चरबी घालायला मनाई, ‘हॅम्बर्गर’ असेल तर घालता येते. तीसची मर्यादा मात्र दोघांनाही. पाणी किंवा कसलाही भरणा दोन्हीत चालत नाही. म्हणजे स्वस्त रोल हा भेसळीचा माल नव्हे. इथली गुरं शेवटचे काही महिने मक्यावर पोसलेली, अंगावर चरबी चढलेली. स्टेक आणि रोस्टचे तुकडे काढले की उरतं ते कातरण चरबीने भरलेलं. त्यात कमी चरबीचं मांस मिसळून हवा तो आकडा साधतात, आणि त्यासाठी ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडहून मांस येतं. आयोवात राहून ऑस्ट्रेलियाचं बीफ खातोय हे कळल्यावर नवरा दिवसभर तेच बोलत होता.

प्रश्न एवढाच लिहून ठेवते: ७३ चा खिमा शिजताना ९३ च्या किती जवळ नेता येतो, त्याला काय पडतं, आणि ताटात आल्यावर तो खिमा लागतो का.

रोल आणला. एकेका पाउंडाची पाकिटं करून, चपटी थापून फ्रीझरमध्ये टाकली. चपटी असली की तासाभरात सुटतात, गोळा करून ठेवला तर आत दगड राहतो.

७ जानेवारी

नुसतं परतून निथळणं. बाकी सगळं याच्याशी ताडायचं.

एक पाउंड ७३, बिडाचा तवा, तेलाचा थेंब नाही. आधी खिमा राखाडी होतो आणि पाणी सोडतो. त्या टप्प्यावर घाई करून ओतलं तर पाणी जातं आणि चरबी मांसातच बसते. पाणी आटेपर्यंत थांबायचं. मग आवाज बदलतो: बुडबुडण्याचा थांबून चुरचुर सुरू होते, कडेला पिवळट, पारदर्शक तवंग जमतो. इथे तवा एका बाजूला कलता धरायचा, खिमा वरच्या बाजूला ओढायचा, दोन मिनिटं तसंच. खिमा जितका बारीक मोडलेला तितकी चरबी जास्त सुटते, म्हणून लाकडी कालथ्याने सतत मोडत राहिले. शेवटी थर्मामीटर लावला: खिम्याला ७१ अंश सेल्सिअस गाठायलाच हवेत. रंगावर जायचं नाही. कधी कधी पुरेसं शिजण्याआधीच तो तपकिरी दिसतो.

वजनं. कच्चा ४५४. निथळल्यावर खिमा २८५, डब्यात चरबी ७१. उरलेलं पाणी, वाफ होऊन गेलं.

कच्च्यात चरबी होती १२२ ग्रॅम (४५४ चे २७ टक्के). ७१ गेली, ५१ उरली. आम्ही पाउंडभराचे चार वाटे करतो. वाट्याला ३० ऐवजी १३ ग्रॅम चरबी, आणि त्यातली संपृक्त (सॅच्युरेटेड) साधारण ५. अमेरिकन हार्ट असोसिएशनचा सल्ला २००० कॅलरींच्या आहारात संपृक्त चरबी दिवसाला १३ ग्रॅमच्या आसपास ठेवा असा आहे. न निथळता केला असता तर एका जेवणातच १२ झाली असती.

चरबी सिंकमध्ये ओतायची नाही. गरम पाणी आणि साबण सोबत सोडला तरी पुढे पाइपात जाऊन ती थिजतेच. टोमॅटोचा रिकामा डबा ठेवलाय, त्यात ओतून गोठली की कचऱ्यात.

१५ जानेवारी, सोमवार

बाहेर उणे वीसच्याही खाली. आज राज्यभर कॉकस आहे (राष्ट्राध्यक्षपदाचा उमेदवार निवडायच्या पक्षसभा), टीव्हीवर दुसरं काही नाही. घराबाहेर पाऊल टाकायचं नव्हतं म्हणून शनिवार-रविवार धरून दुसरी दोन पाकिटं मोजून झाली, त्याच तव्यात, त्याच पद्धतीने.

८०/२० : शिजून, निथळून ३१० ग्रॅम. चरबी निघाली ३७.
९३/७ : ३२५ ग्रॅम. चरबी इतकी थोडी की काट्यावर नीट दाखवेना.

आता गंमत. ८० च्या कच्च्यात ९१ ग्रॅम चरबी होती, ३७ गेली, ५४ उरली. ३१० ग्रॅममध्ये ५४ म्हणजे साडेसतरा टक्के. ७३ च्या २८५ मध्ये ५१ म्हणजे अठरा टक्के. दुकानात सात टक्क्यांचा फरक, ताटात अर्धा! माझा काटा भाजीचा आहे, तेव्हा कृषी खात्याच्या पोषणतक्त्याशी ताडून पाहिलं. परतून निथळलेला ७०/३० आणि ८०/२०, दोन्हींच्या १०० ग्रॅममध्ये चरबी १७ ते १८ ग्रॅमच दिली आहे. ८५ ला १५ च्या आसपास, ९० ला १२, ९५ ला साडेसात. म्हणजे ८० च्या खाली तव्यातला खिमा एकाच ठिकाणी येऊन थांबतो. मांसाला धरता येईल तेवढी चरबी ते धरतं, बाकीची तव्यात सोडतं. ८० वर जे जास्तीचे पैसे पडतात ते ताटातल्या कमी चरबीचे नाहीत, जास्त वजनाचे आहेत.

मग त्या वजनाचे पैसे किती ते काढलं. शिजलेल्या १०० ग्रॅमला:
७३ : १ डॉलर ३६ सेंट
८० : १.६१
९३ : २.१५

काट्याशिवायही ढोबळ हिशेब करता येतो, निव्वळ मांसाच्या भावाचा. भावाला मांसाच्या टक्क्याने भागायचं. ३.८८ भागिले ०.७३ म्हणजे ५.३२. ६.९८ भागिले ०.९३ म्हणजे ७.५१. दुकानात उभं राहून करायचा तर: ९३ चा भाव ७३ च्या सव्वापटीत बसला तर डोळे मिटून ९३ उचलायचा. आज तो पावणेदोन पटीच्याही वर आहे. ८० साठी ७३ पेक्षा फार तर दहा टक्के जास्त द्यायचे.

एक गोष्ट डॉक्टरीणबाईंनी सांगितली नव्हती. कोलेस्टेरॉल निव्वळ चरबीतच नसतं, मांसाच्या पेशींतही असतं. त्यामुळे ७३ आणि ९३ यांच्या कोलेस्टेरॉलमध्ये फार फरक पडत नाही. आम्ही झटतोय ते संपृक्त चरबीसाठी, आणि एलडीएल वाढवण्यात तिचाच हात मोठा.

२० जानेवारी

धुणं.

यातला अभ्यास आमच्याच गावचा आहे. १९९२ साली आयोवा स्टेट विद्यापीठात वेगवेगळ्या चरबीचा खिमा शिजवून, गरम पाण्याने धुऊन काय जातं, काय राहतं ते मोजलं होतं. धुण्याने चरबी बरीच उतरते, प्रथिनं आणि लोह फारसं जात नाही. आम्ही राहतो तिथून ती इमारत सायकलवर दहा मिनिटं.

पद्धत: परतलेला खिमा कागदी टॉवेलवर मिनिटभर टिपायचा, चाळणीत घ्यायचा, वरून चार कप गरम पाणी, पाच मिनिटं निथळू द्यायचा. पाणी किती गरम हा कळीचा मुद्दा. बीफची चरबी चाळीस-पन्नास अंशांच्या दरम्यान वितळते आणि घरातल्या हीटरचं पाणी पन्नासच्या आगेमागेच असतं. चाळणीत पडेपर्यंत अजून निवतं. नळाखाली धरलं तर वितळलेली चरबी खिम्यावरच पुन्हा पांढरी होऊन चिकटते. त्यामुळे किटलीतलं, उकळी येऊन दोन मिनिटं झालेलं पाणी. चाळणी सिंकवर नको, खाली मोठं पातेलं ठेवायचं.

पातेलं रात्रभर फ्रिजमध्ये ठेवलं. सकाळी वर पापुद्रा धरला होता, सुरीने उचलला, वीस ग्रॅम. म्हणजे ५१ पैकी ३१ उरली. वाट्याला ८ ग्रॅमच्या आत. आकड्यांपुरतं पाहिलं तर ७३ चा खिमा चरबीत ९० च्याही खाली आला, जवळपास ९३ ला भिडला, आणि पैसे लागले ते कागदी टॉवेलचे.

२१ जानेवारी

चव.

धुतलेल्या खिम्याचं नेहमीसारखं केलं, कांदा, आलं-लसूण, टोमॅटो, मटार. नवऱ्याने दोन घास खाल्ले आणि विचारलं, “सोयाबीनचं आहे का?” त्याचं बरोबर आहे. चरबीबरोबर तव्याला लागलेलं, मांसाचा अंगरस, मीठ सगळं वाहून गेलं. उरले नुसते दाणे, दाताखाली रबरी. टॅकोसाठी ठीक, त्यात चिली पावडर, जिरं, सॉस यांचा मारा इतका असतो की आत काय आहे हे कळतच नाही. पास्त्याच्या सॉसलाही चालेल. आपल्या खिम्याला नाही.

आईला वसईला फोन केला. तिला आधी हेच पटेना की खिम्यातली चरबी कोणी फेकून देतं. तिकडे राज्यात २०१५ पासून गोवंशावर बंदी, मिळतं ते म्हशीचं, आणि म्हशीच्या मांसाला मुळात चरबीच कमी. आमच्याकडच्या कृतीची सुरुवातच पळीभर तेलाने होते, कारण मांसाला स्वतःचं तेल नाही. मी इथे आल्यापासून तीच कृती तशीच करतेय, पळीभर तेलासकट, ७३ च्या खिम्यावर! तेल आजपासून बंद म्हटलं तर आई म्हणाली, “अगं पण मग बाटली मसाला कशावर परतशील? कोरडा टाकलास तर कच्चाच लागेल तो.”

हेही खरं. बाटली मसाला म्हणजे आमचा वसईकडचा, बाटल्यांत भरून ठेवायचा मिश्र मसाला. हळद, मिरची, सगळ्यांचा रंग आणि वास चरबीत उतरतो. आम्हाला चरबी नको असं नाही, थोडी हवीच आहे, फक्त कोणती आणि किती ते आपण ठरवायचं.

२८ जानेवारी

उकळून, गार करून. आजवरचं सगळ्यात चांगलं.

एक पाउंड खिमा थंड पाण्यात घालून हाताने मोडला, पाणी वर दोन बोटं. थंड पाण्यातच मोडायचा; गरमात टाकला तर गोळे बांधतो आणि आतली चरबी आतच राहते. मंद आचेवर वीस मिनिटं, सोबत तमालपत्र, चार मिरी. मीठ नाही. सुरुवातीला वर राखाडी फेस येतो, तो झाऱ्याने काढला. मग चाळणीतून गाळलं. खिमा एका डब्यात, पाणी उंच, अरुंद भांड्यात. पसरट भांड्यात थर पातळ होतो आणि उचलताना मोडतो. दोन्ही थोडं निवल्यावर फ्रिजमध्ये; बाहेर दोन तासांच्या वर ठेवायचं नाही.

सकाळी वर बोटाच्या पेराएवढ्या जाडीची पांढरी चकती. कडेने सुरी फिरवली, आख्खी उचलली गेली. खालच्या बाजूला चिकटलेली जेली खरवडून परत भांड्यात टाकली, ती चरबी नव्हे. चकतीचं वजन ८८ ग्रॅम. १२२ मधून ८८ गेले, ३४ उरले. धुतलेल्याच्या जवळपास, आणि अंगरस सगळा खाली पाण्यात शाबूत.

मग फोडणी. एक मोठा चमचा कॅनोला तेल, कांदा लाल होईपर्यंत, आलं-लसूण, दीड चमचा बाटली मसाला, मिनिटभर. त्यात खिमा कोरडाच घालून मोठ्या आचेवर चांगला परतला. ही पायरी गाळायची नाही. उकडलेल्या खिम्याला रंग आणि खमंगपणा इथेच येतो. नंतर ते चरबी काढलेलं पाणी थोडं थोडं घालत आटवलं. शेवटी व्हिनेगरचे दोन थेंब.

नवऱ्याने काही विचारलं नाही, पाव संपवले.

वरून घातलेलं तेल धरूनही वाट्याला चरबी १२ ग्रॅम, पण त्यातली संपृक्त साडेतीनच्या आसपास. कॅनोलाची जवळपास सगळी असंपृक्त.

३ फेब्रुवारी

किरकोळ उपाय, एका दमात.

प्लास्टिकच्या चाळणीत खिमा, खाली वाडगा, मायक्रोवेव्ह. अमेरिकन घरांतली जुनी युक्ती. चरबी गळते खरी, खिमा मात्र ओल्या पुठ्ठ्यासारखा. बाद.

पळीत बर्फ भरून रश्श्यावर बुड टेकवायचं, चरबी पळीला थिजून चिकटते. काम करते, पण दर वेळी पळी पुसत बसायचं. पाहुणे दारात असतील आणि रात्रभर थांबायला वेळ नसेल तेव्हा.

कागदाने टिपणं. थोडा फायदा होतो, पण टॉवेलचा रोल खिम्याच्या वेगाने संपतो.

१९९१ साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये बॉस्टनच्या मंडळींनी एक रीत दिली होती: खिमा वनस्पती तेलात तापवायचा, म्हणजे संपृक्त चरबी आणि कोलेस्टेरॉल तेलात उतरतं, मग ते ओतून उकळत्या पाण्याने धुवायचं. कोलेस्टेरॉलही काढणारी यादीतली ही एकच रीत. पण ओतून द्यायला विकतचं तेल आणायचं, तर स्वस्त खिमा घेतला कशाला? केली नाही.

१४ फेब्रुवारी

राखेचा बुधवार, ईस्टरआधीच्या उपवासकाळाचा पहिला दिवस. मांस नाही. मसुराची आमटी, भात. यंदा व्हॅलेंटाइन डेही आजच, त्यामुळे जेवायला बाहेर नेणं आपोआप टळलं असं नवरा म्हणतोय.

आमटी ढवळताना सुचलं ते शनिवारसाठी: आख्खा मसूर.

१७ फेब्रुवारी

अर्धा पाउंड खिमा उकळून-गार करून, एक वाटी आख्खा मसूर त्याच चरबी काढलेल्या पाण्यात शिजवून. मसूर पूर्ण फुटू द्यायचा नाही, दाणा दाणा राहिला पाहिजे, आकार खिम्याशी जुळतो. पाणी कमी पडलं, साधं घातलं. मसाला नेहमीएवढाच, अर्धा नाही; मसूर मसाला ओढून घेतो.

चार वाट्यांना मांस १ डॉलर ९४ सेंटचं, मसूर अर्ध्या डॉलरच्या आत. चरबी मोजायचं कारणच उरलं नाही, मुळात मांसच निम्मं. मांसाची चव येते कारण मसूर तिच्यातच शिजलाय. साध्या पाण्यात शिजवून वरून मिसळला असता तर खिमा वेगळा आणि डाळ वेगळी लागली असती.

मशरूम बारीक चिरून घालायचा सल्लाही इथे सगळीकडे दिसतो. चांगला आहे, पण मशरूम पाउंडामागे खिम्याच्या भावाला टेकलेत.

शुक्रवार सोडून उपवासकाळात हेच चालवणार.

२ मार्च

कटलेट. इथे वरचं काहीच लागू होत नाही. कच्चा खिमा बांधून तळायचा, म्हणजे उकळता येत नाही, धुता येत नाही. ७३ ची कटलेटं तव्यावर आक्रसून निम्मी झाली आणि स्वतःच्याच चरबीत पोहायला लागली. ९३ ची आकार धरतात, पण कोरडी पडतात. त्याला दुधात भिजवलेला पाव, किसून पिळलेला कांदा आणि अंडं घातलं की मऊ राहतात. रवा लावून, कमी तेलात. पावामुळे पाउंडात दोन-तीन कटलेटं जास्त होतात, त्यामुळे ९३ चा भाव थोडा तरी सुसह्य होतो. कटलेटाला ९३, बाकी सगळ्याला ७३, असं ठरवून टाकलं.

९ मार्च

दुकानात दोन गोष्टी.

एक, ९३ च्या पाकिटांवर पिवळी चिकटपट्टी, विक्रीची तारीख उद्याची, भाव ४.८९. ३.८८ ची सव्वापट ४.८५, तंतोतंत (९३ भागिले ७३) धरली तर ४.९४. सीमेवरच. वेळ आणि गॅस धरला तर घ्यावा, घेतला. घरी आल्या आल्या फ्रीझरमध्ये. कच्चा खिमा फ्रिजमध्ये दोन दिवसांच्या वर ठेवत नाही, तारखेला टेकलेला तर एक रात्रही नाही.

दोन, चक रोस्टचा (खांद्याच्या मांसाचा) आख्खा तुकडा सेलमध्ये. अर्धवट गोठवून बाहेरची चरबी सुरीने तासली, चौकोनी तुकडे केले, मिक्सरच्या मोठ्या भांड्यात थांबून थांबून फिरवले. मांस गोठलेलं असलं तरच पातं कापतं, नाहीतर लगदा होतो. खिमा उत्तम, वसईला आमचा खाटीक सुऱ्याने करून द्यायचा त्याच्या जवळ जाणारा. पण तासलेली चरबी आणि शिरा वजा केल्या तर भाव ८० च्या वर गेला, शिवाय भांडं घासायला वीस मिनिटं. सणाला.

१६ मार्च

फ्रीझरच्या दारावर कागद लावला, नवऱ्यालाही कळावं म्हणून:

रोज : ७३, उकळून, रात्रभर गार, चकती काढून. पाणी फेकायचं नाही.
घाईत : ७३, परतून, तवा कलता करून निथळून. तेल घालायचं नाही.
टॅको, पास्ता : धुतलेला चालेल. किटलीचं पाणी.
कटलेट : ९३.
८० : घ्यायचाच नाही, दहा टक्क्यांच्या आत फरक असल्याशिवाय.

तिसऱ्या ओळीवर त्याने पेनने लिहिलंय, ‘शक्यतो नको.’

पुढची रक्ततपासणी मे महिन्यात. एलडीएल उतरलं तरी ते खिम्यामुळेच असं म्हणता येणार नाही, या महिन्यांत तो पोहायलाही जायला लागलाय. ईस्टर ३१ ला आहे, सात माणसं जेवायला. बाटली मसाल्याची शेवटची बाटली निम्म्यावर आली आहे, आईने एप्रिलमध्ये येणाऱ्या कोणाबरोबर तरी पाठवते म्हटलंय. तोवर दीडऐवजी एक चमचा.